नम्रता बाईंचा मुका टीव्ही

बावकोंडच्या शाळेत टीव्ही आला त्या दिवशी अर्धी वाडी शाळेच्या पडवीत जमली होती. खरं म्हणजे तो टीव्ही नव्हता. खोक्यावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, बोटाने लिहिता येईल असा तो भलामोठा पडदा होता आणि त्याच्या पोटात पहिलीपासूनचे सगळे धडे भरलेले होते. पण माणसांनी बघितल्या बघितल्या त्याला टीव्ही म्हटलं आणि मग शाळेतही तेच नाव पडलं.

तो आणला होता वाडीच्या मुंबई मंडळाने, म्हणजे मुख्यतः आप्पा रहाट्यांनी. आप्पांचं सगळं आयुष्य मुंबईच्या गोदीत गेलं. निवृत्त झाल्यावर ते डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेले, पण जीव गावातच. वाडीतली दोन-चार घरं पोरांना व्हॅनमध्ये घालून दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवू लागली, शाळेचा पट घसरायला लागला, तेव्हा आप्पांनी मनावर घेतलं. रविवार आला की ते उपनगरांतून फिरायचे, वाडीतला चाकरमानी जिथे राहतो तिथे जाऊन बसायचे, वर्गणी मागायचे. वर्षभराने टीव्ही आला. नारळ फोडून ते बोलायला उभे राहिले. आपण चौथीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, पण आता आपल्या वाडीची पोरं कुणाच्या मागे राहायची नाहीत, एवढंच ते बोलले आणि खाली बसले.

टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे नम्रता बाई होत्या. त्यांना या यंत्राचा आनंद होण्याचं कारण वेगळं होतं.

नम्रता शिवगण यांचं माहेर गुहागरकडचं, समुद्रालगतचं. वडील मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. घर, सुपारीची बाग आणि तीन मुली आईने सांभाळल्या. नम्रताला परिचारिका व्हायचं होतं. पण डीएडच्या प्रवेशाचं पत्र आधी आलं आणि ती शिक्षिका झाली. पहिली काही वर्षं आपण चुकून इथे आलो असंच तिला वाटायचं. मग कधीतरी एका मुलाला पहिल्यांदा वाचता आलं, तो दिवसभर दिसेल ती पाटी वाचत सुटला, आणि त्यानंतर ते वाटणं बंद झालं. लग्न सागर शिवगण यांच्याशी झालं. ते मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बिऱ्हाड रत्नागिरीत. रोज सकाळी दोघं दोन दिशांना निघत. सागर मिरजोळ्याकडे, बाई स्कूटर घेऊन घाटीच्या वाटेने बावकोंडला.

शाळा दोन खोल्यांची, जांभ्या चिऱ्याची. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन आत्माराम गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक. दुसऱ्या खोलीत तिसरी, चौथी, पाचवी, आणि तिघांना मिळून एकट्या बाई. चौथीला भागाकार सांगायला लागलं की तिसरीकडे पाठ व्हायची. तिसरीला जोडाक्षरं दाखवावीत तर पाचवीत कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत गुद्दा घालायचा. संध्याकाळी घरी जाताना रोज एकच टोचणी, आज कुणाकडे तरी बघायचं राहिलं.

टीव्ही आल्यावर ती टोचणी गेली. एका वर्गाला टीव्हीसमोर बसवायचं, दुसऱ्याला आपण शिकवायचं. टीव्हीतली बाई शांतपणे, गोड आवाजात सगळं सांगायची. हृदय कसं धडधडतं, ज्वालामुखी कसा फुटतो, चंद्र कसा फिरतो. पोरं मान वर करून तासन् तास बघत राहायची. शाळा बुडवून ओढ्यावर खेकडे पकडायला जाणारा तिसरीतला सर्वेशसुद्धा वेळेवर यायला लागला. व्हॅनने जाणाऱ्या घरांपैकी एकाने आपली मुलगी परत आणली. बाई घरी सागरना सांगत, की मला आयुष्यात पहिल्यांदा मदतनीस मिळालाय.

सगळ्यांत चमकत होती चौथीतली वेदिका. तिला धडेच्या धडे पाठ. पुस्तक उघडून हातात धरायची आणि टीव्हीतल्या बाईसारखीच मान किंचित तिरकी करून घडाघडा म्हणायची. कुणी पाहुणा शाळेत आला की गुरुजी वेदिकालाच उभं करायचे.

मार्च महिन्यात बाईंनी वाचनाची चाचणी घेतली. एकेका मुलाला पडवीत बोलवायचं, एक उतारा द्यायचा आणि नुसतं ऐकायचं. दरवर्षी त्या पुस्तकातलाच उतारा देत. यंदा, मुलं एवढी पुढे गेलीत तर जरा नवीन देऊ, म्हणून त्यांनी रत्नागिरीहून एक गोष्टींचं पुस्तक आणलं. त्यात चित्रं नव्हती. गोष्ट सोपी होती, विहिरीत पडलेल्या बकरीची.

वेदिका ऐटीत आली. पुस्तक घेतलं, मान तिरकी केली आणि थांबली. पान उलटून बघितलं. परत मागे आली. बाईंना वाटलं, ओळ सापडत नसेल. त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. वेदिका त्या बोटाकडे बघत राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ह्यो धडा अजून टीव्हीवर लागला नाय."

बाईंनी तिला कुरवाळलं, काही हरकत नाही म्हटलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. पुढच्याची तीच गत, त्याच्या पुढच्याचीही. पाचवीतले दोघं-तिघं वाचत होते, ते आधीपासूनच वाचणारे. बाकीचे एकेक अक्षर लावत शब्दापर्यंत पोचायचे आणि तिथेच दमायचे. सर्वेशला तर अक्षरंही धड ओळखता येईनात. वर्षभर तो नेमाने येत होता, डोळे मोठे करून बघत होता, आणि बाईंनी त्याला एकदाही एकट्याला वाचायला लावलं नव्हतं. टीव्हीने विचारलेल्या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. त्या सुरात कोण बोलतंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय, हे कळायला काही मार्ग नव्हता.

त्यांनी जे ऐकलं तेच अहवालात लिहून दिलं. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले, तेव्हा त्यांनी साहजिकच विचारलं की शाळा डिजिटल झाल्यावर वाचनाची पातळी खाली कशी आली.

"खाली नाही आली, सर," बाई म्हणाल्या. "होती तिथेच आहे. मलाच ती वर गेल्यासारखी वाटत होती."

गुरुजींना हे फारसं आवडलं नाही. मंडळाने एवढं केलं, आता असं लिहून दिलं तर त्यांना काय वाटेल, असं ते म्हणाले. वाईट हेतूने नव्हे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कुणाचं मन न दुखवता आयुष्य काढलेला तो माणूस होता. बाईंनी वाद घातला नाही. पण त्या मे महिन्याच्या सुट्टीत त्या माहेरी गेल्या तरी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टीव्ही बंद करून टाकावा असं एकदा वाटायचं. मग वाटायचं, बंद करून काय होणार? तीन वर्ग आणि आपण एकट्या, ते तर तसंच राहणार.

शाळा पुन्हा सुरू झाली. वेदिका पाचवीत गेली, सर्वेश चौथीत. बाई धड काहीच ठरवू शकल्या नव्हत्या, त्यामुळे टीव्ही पूर्वीसारखाच चालू होता. जुलैत मात्र एक दिवस त्याचा आवाज गेला. कोकणातल्या पावसात दप्तराला बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही, तिथे यंत्राचं काय. चित्रं हलत होती, खाली अक्षरं येत होती आणि टीव्हीतली बाई नुसती ओठ हलवत होती.

पोरांनी आधी गलका केला. मग कंटाळली. बाई तिसरीला घेऊन बसल्या होत्या, उठायला सवड नव्हती. त्यांनी तिथूनच सांगितलं, की खाली लिहून येतंय ना, ते वाचा. अक्षरं पळत होती. पाचवीतल्या आरोहीने पडद्यावर बोट ठेवलं आणि चित्र थांबलं. धडा मधमाश्यांचा होता. खाली एकच ओळ होती.

त्या एका ओळीवरून भांडण जुंपलं. एक म्हणे 'पोळ्यात', दुसरा म्हणे 'पोळ्यांत', म्हणजे जेवायच्या पोळ्यांत. सगळी हसली. वेदिका पुढे गेली, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ, आणि अक्षराखाली बोट धरून एकेक शब्द लावू लागली. सर्वेश तिच्या काखेतून डोकं घालून बघत होता. ओळ संपली तेव्हा त्यांनी चित्र पुढे सरकवलं आणि दुसरी ओळ धरली.

बाई तिसरीला शिकवायचं विसरून बघत राहिल्या. पाच मिनिटांचा तो धडा त्या दिवशी संपलाच नाही. पण वर्षभरात पहिल्यांदा टीव्हीसमोर बसलेली मुलं वाचत होती. आतापर्यंत वाचायचं सगळं काम टीव्हीतली बाईच करत आली होती, आणि तेही इतक्या गोड आवाजात, की पोरांना ते करण्याची गरजच उरली नव्हती.

रविवारी सागर हत्यारांची पिशवी घेऊन शाळेत आले. मागचं झाकण उघडून बघितलं. वायरीच्या टोकाला गंज चढला होता, बाकी काही नाही. पुसून, नवं टोक बसवून दिलं की झालं.

"दोन मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले.

"करा," बाई म्हणाल्या, "पण आवाज चालू-बंद करायचं बटण माझ्या हाताशी द्या. बंद ठेवणार आहे मी."

सागरनी बाईंकडे बघितलं. मग दुरुस्तही करायचा आणि बंदही ठेवायचा, हे त्यांच्या इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात बसेना. बाईंनी समजावून सांगितलं. आधी मुलांनी मुका धडा वाचायचा. मग आपल्या आवाजात तो सांगायचा, बाईंच्या मोबाइलवर तो भरून घ्यायचा. स्वतःचं ऐकायचं. आणि सगळ्यांत शेवटी टीव्हीचा आवाज सोडायचा, आपलं कुठे चुकलं ते ताडून बघायला. त्यावर सागर म्हणाले, की असं असेल तर एक जुना माईक कारखान्यात पडून आहे, साहेबांना विचारून तो आणतो, मोबाइलवर पावसाचाच आवाज जास्त येईल.

सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. मुलांना स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटायची. वेदिका तर पहिल्यांदा रडलीच. तिच्या कानात टीव्हीतल्या बाईचा आवाज बसलेला, आणि माईकमधून निघाला अडखळणारा, शब्द गिळणारा आवाज. ती दोन दिवस माईकजवळ गेली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर ती बाईंपाशी आली आणि आपलं ते पहिलं पुसून टाकून नवीन भरायचंय म्हणाली. बाईंनी पुसलं नाही, नवीन वेगळं भरून घेतलं. ते ऐकून तिने स्वतःच सांगितलं, की एक शब्द सुटला, परत घेऊया.

इतक्या वर्षांत, चुकलं ते परत वाच असं बाईंनी हजारदा सांगितलं असेल. मुलाने आपणहून तसं म्हटलेलं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

वाडीत मात्र भलतीच बातमी पसरली. मंडळाने दिलेला टीव्ही बिघडला, सागरनी तो दुरुस्त करून दिला, तरी बाई तो मुद्दाम मुका ठेवतात. ही बातमी फोनवरून डोंबिवलीला पोचली. गणपतीसाठी आप्पा गावी आले आणि शाळा सुरू असतानाच, सुट्टी लागायच्या आधीच्या दिवशी, छत्री टेकत शाळेत हजर झाले. गुरुजी लगबगीने खुर्ची घेऊन आले. आप्पा बसले नाहीत.

"बाई, मी काय चुकलो असंन तर सांगा," ते म्हणाले. "पण वस्तू आवडली नव्हती तर तेव्हाच सांगायचा होता. लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलीय ती."

या माणसाला खरं सांगितलं तर त्याचं काळीज दुखणार, आणि नाही सांगितलं तर तो गैरसमज घेऊन परत जाणार. त्यांनी मार्चमधली गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. टीव्ही होता तरी वर्षभर मुलं वाचायला शिकली नव्हती, आणि ही चूक टीव्हीची नव्हती, तो कसा वापरायचा हे आपल्याला कळलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. ऐकता ऐकता आप्पा खुर्चीवर बसले. छत्रीतून पाणी गळत होतं तिकडे बघत राहिले.

"म्हंजे एक वर्स फुकट गेला," ते शेवटी म्हणाले.

"थोडं गेलं," बाई म्हणाल्या. "आता जरा बसा आणि ऐका."

त्या दिवशी पाचवीचा धडा बंदरांचा होता. मुका पडदा, खाली ओळी. वेदिका वाचायला उभी राहिली. मान तिरकी नव्हती, आवाज गोड काढायचा प्रयत्नही नव्हता. ती सावकाश, स्वतःच्या सुरात वाचत होती. बऱ्याच ओळी सरळ गेल्या. मग 'धक्क्यावर' या शब्दापाशी ती थांबली.

वर्ग थांबला. आप्पांचा सगळा जन्म धक्क्यावर गेलेला. शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. ते पुढे वाकले, पण बाईंनी नुसता हात वर केला आणि ते गप्प झाले. वेदिकाने ओठांतल्या ओठांत 'ध' म्हटलं, मग क-ला-क लावून बघितलं, पुसून टाकल्यासारखी मान हलवली, परत लावलं. कौलांवरून पागोळ्या पडत होत्या, तेवढाच आवाज.

"धक्क्यावर," ती म्हणाली, आणि पुढे वाचत गेली.

धडा संपल्यावर आप्पांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मग विचारलं, की हे आवाज भरून घेतात ते मुंबईला पाठवता येतील काय? मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात पोरांचे बापच आहेत. दिवसभर त्यात नुसते गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो येतात. त्यापेक्षा हे आलं तर लोक ऐकतील.

तेव्हापासून दर शनिवारी बावकोंडच्या शाळेतून मुंबईला आवाज जायला लागले. आधी बाई प्रत्येक मुलाला विचारत, पाठवू का? नको म्हटलं तर पाठवायचा नाही, हा नियम. कुणाचा बाप हॉटेलात, कुणाचा दुकानात, कुणी टेम्पो चालवतो. शिफ्ट संपली की ते ऐकायचे आणि दोन शब्द उलटे पाठवायचे. ते दोन शब्द बाई सोमवारी परिपाठाला सगळ्यांना ऐकवत. सर्वेश मात्र दर शनिवारी मान हलवून नको म्हणायचा.

पुढच्या मार्चमध्ये बाईंनी पुन्हा नवीन, बिनचित्रांचा उतारा आणला. पाचवीतल्या सगळ्यांनी तो वाचला. चौथी-तिसरीतले बरेच जण वाक्यापर्यंत आले, काही जण शब्दांवरच राहिले. बाईंनी या वेळीही ऐकलं तेच लिहिलं. केंद्रप्रमुखांनी केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत त्यांना बोलायला उभं केलं. बाईंना भाषण जमत नाही. त्यांनी मुका धडा लावून दाखवला आणि जमलेल्या शिक्षकांनाच वाचायला लावलं. नंतर एका तरुण शिक्षकाने येऊन विचारलं, की मॅडम, हे कुठलं ॲप आहे?

"ॲप नाही हो," बाई म्हणाल्या. "मुलगा वाचत असेल तेव्हा आपण गप्प बसायचं, एवढंच आहे. ते मला फार उशिरा जमलं."

वेदिका आता दुसऱ्या गावच्या हायस्कूलला चालत जाते. तिथेही मोठा पडदा आहे आणि त्याचा आवाज चालू असतो, असं तिने एकदा वाटेत भेटून बाईंना सांगितलं. त्यात काही बिघडत नाही, आता तिच्या कानांबरोबर डोळेही चालतात, असं बाईंना वाटलं.

सर्वेशचं काम अजून संपलेलं नाही. त्याच्यासाठी बाईंनी सगळं बाजूला ठेवून वेगळी वाट धरली. टीव्हीवर तो बोटाने मोठी अक्षरं गिरवतो, त्याला आवडणाऱ्या गोष्टींची नावं लिहितो. खेकडा, ओढा, पाग. पाग म्हणजे त्याच्या काकाचं मासे धरायचं जाळं. ही नावं आता तो न बघता लिहितो. गेल्या शनिवारी इतरांचं भरून झाल्यावर तो माईकपाशी घुटमळत राहिला. बाईंनी काही विचारलं नाही, नुसता माईक पुढे सरकवला. त्याने पडद्यावर स्वतः लिहिलेलं वाचलं, तीन ओळी झाल्या. त्यातली शेवटची ओळ पडद्यावर नव्हतीच, ती त्याने ऐनवेळी मनाने जोडली होती.

"पाठवू का?" बाईंनी विचारलं.

त्याने माईक बाईंकडे परत सरकवला. मग म्हणाला, "पाठवा. पण बाबांना सांगा, पुढच्या शनिवारी यापेक्षा मोठं वाचून पाठवीन."